परवडत नाही म्हणून

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. गोठ्यातल्या शेणासारखे ते आपोआप साचत जातात. सकाळी उचलून टाकावं, तर संध्याकाळी पुन्हा तेवढंच!

आमचे किस्से साचतात मांडवगण फराट्यात, दूध केंद्रासमोरच्या कट्ट्यावर. दूध घालायला आलं की फॅट लागेपर्यंत तिथं टेकायचं, ही आमची रीत. टेकणारे नेहमीचे चौघं. वयानं मोठे ते आप्पा. मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडल्याशिवाय जांभईसुद्धा न देणारा तो संपत. स्कुटीच्या पायाशी किटली ठेवून येणाऱ्या नंदाकाकू, यांच्या तोंडाला सगळं गाव वचकून असतं. आणि चौथा मी, बाळू. आत फॅट मोजायच्या मशीनवर गणेश बसतो. केंद्र तोच चालवतो, त्यामुळं कुणाचं दूध किती पाण्यात आहे हे त्याला पक्कं ठाऊक.

आमच्याकडं "बरं हाय का?" असं कुणी विचारत नाही. "परवडतंय का?" असं विचारतात. गाय परवडती का, लाईट परवडती का, पाहुणा परवडतो का. सगळ्याला एकच माप!

पूर्वी हे किस्से सांगताना मी पोट धरून हसायचो. आता हसताना मान खाली जाते. कारण यंदा माझ्या गाईला गोऱ्हा झाला. जर्सी-होस्टनच्या, म्हणजे विलायती जातीच्या गाईचा गोऱ्हा म्हणजे काय ते ज्याच्या घरी गोठा आहे त्यालाच कळतं. वशिंड नाही, त्यामुळं जू बसत नाही. बसलं तरी औत कोण धरतंय, सगळं ट्रॅक्टरवर. दूध तो देत नाही, उलट पितो. विकावा तर घेणारा नाही. म्हणजे तो गोऱ्हा जगवायचा की नाही, एवढाच प्रश्न. तो प्रश्न मी कसा सोडवला ते सांगतोच. पण आधी आम्ही माणसं कशी आहोत ते कळू द्या.

*

आता संपतचं बघा. गावातल्यापेक्षा दौंडला गोळी पेंडीचं पोतं चाळीस रुपयांनी स्वस्त मिळतं, असा त्याला शोध लागला. लगेच कॅल्क्युलेटर! पाच पोत्यांमागं दोनशे रुपये शिल्लक.

त्याच्याकडं पिकअप आहे. पण पिकअपला डिझेल जास्त जातं, म्हणून गडी मोटारसायकल काढून निघाला. मोटारसायकलवर पोतं बसतं एकच. मग रोज एक खेप, असं पाच दिवस मांडवगण ते दौंड आणि दौंड ते मांडवगण!

शेवटचं पोतं आणलं त्या संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "संपत, पेट्रोल किती गेलं रं?"

"पेट्रोल कशापायी धरायचं, आप्पा? गाडी घरचीच हाय की!"

"आन् रोज अर्धा दिस मोडला तो?"

"म्या बी घरचाच हाय!"

कट्टा खदाखदा हसला. सगळ्यात जास्त मी हसलो. आणि दुसऱ्या दिवशी संपत एकटा सापडल्यावर हळूच म्हणालो, "पुन्हा दौंडला गेलास तर येताना माझं बी एक आण."

*

आप्पांनी धार काढायचं मशीन घेतलं. गाई दोन! दहा-बारा गाईवाला घेतो ते मशीन दोन गाईंसाठी. मी विचारलं, "आप्पा, कशाला?"

आप्पा म्हणाले, "येडा का खुळा तू? निम्मं अनुदान हाय. घेतलं न्हाई तर निम्म्या पैशाचं नुकसान न्हाई का आपलं!"

संपतनं कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली आणि मान डोलावली. म्हणाला, "हिशेब बरोबर हाय."

झालं! शिरूरला हेलपाटे सुरू झाले. आज साहेब नाही, उद्या सर्व्हर नाही, परवा झेरॉक्स पुसट. प्रत्येक हेलपाट्याला एसटी, चहा, भजी. शेवटी मशीन आलं. पहिल्याच दिवशी चालू केलं, तर त्या घरघरीनं गाय बिथरली. लाथ मारून बादली उडवली आणि पान्हा जो चोरला तो दोन दिवस सोडलाच नाही. आप्पांनी मशीन पुसलं आणि बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवलं. वर आक्कांची जुनी साडी पांघरली. आक्का म्हणजे आप्पांची बायको.

पुढं आप्पांच्या पोराला बघायला कवठे येमाईचे पाहुणे आले. पोहे खाताना मुलीच्या बापाची नजर गेली. "हे काय झाकून ठेवलंय?"

आप्पांनी ऐटीत साडी वर केली. "धार काढायचं मशीन. आपल्या घरात बायामाणसाला गाईखाली बसावं लागत न्हाई."

पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. त्याच बैठकीत सोयरीक जमली! आप्पा कट्ट्यावर पेढे वाटत सांगत होते, "वसूल झालं बघा मशीन."

लग्न झालं, सत्यनारायण झाला. पहिल्याच आठवड्यात पहाटे नवी सून पदर खोचून अंगणात आली आणि आदबीनं म्हणाली, "मामा, मशीन कवा चालू करायचं?"

आप्पांनी एकदा सुनेकडं बघितलं, एकदा गाईकडं बघितलं. मग गुपचूप कासंडी उचलली आणि स्वतः गाईखाली बसले. अजून तेच बसतात.

*

आप्पांना हसलो, पण माझं काय वेगळं होतं?

यंदा गाय भरवताना मी वळूच्या वीर्याची साधी कांडी घेतली नाही. हमखास कालवड होणारी कांडी निघालीय म्हणून कळलं होतं. चांगली महाग! कट्ट्यावर मी छाती फुगवून सांगितलं. संपतनं तिथल्या तिथं कालवडीची कालवड, तिच्या पोटची कालवड असं करत माझा गोठा पाच वर्षांत पार रस्त्यापर्यंत आणून ठेवला.

गाय व्याली. मी कंदील... नाही, आता कंदील कुठले, मोबाईलची बॅटरी धरून शेपटीखाली बघितलं आणि तिथंच बसकण मारली. गोऱ्हा!

डॉक्टरांना फोन लावला. "अहो डॉक्टर, कालवड होणार म्हणला होता ना?"

ते शांतपणे म्हणाले, "मी 'बहुतेक' म्हणालो होतो."

आमच्या कट्ट्यावर एक रीत आहे. गाय व्याली म्हटलं की पहिला प्रश्न, "काय झालं?" कालवड म्हटलं की "पेढे कवा?" गोऱ्हा म्हटलं की लोक विषय बदलतात. आप्पांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "गोऱ्हा." आप्पा म्हणाले, "असं व्हय. चीक किती निघाला?"

बस. तो दिसतो कसा, उभा राहिला का, हे कुणी विचारलं नाही. तसा देखणा होता हो. काळाभोर, आणि कपाळावर अर्ध्या भाकरीएवढा पांढरा ठिपका.

नंदाकाकूंनी तेवढं विचारलं, "चीक त्याला किती पाजला?"

"पाजला की," मी म्हणालो. पण शिरूरच्या एका हॉटेलवाल्यानं खरवसासाठी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि त्याची किटली भरून उरला तेवढाच गोऱ्ह्याच्या वाट्याला गेला होता. हे सांगताना आजही मला लाज वाटते.

*

त्याच दिवसांत हडपसरहून माझे साडू आले. आले तेही सकाळचं दूध केंद्रावर घालून झाल्यावर! आमच्याकडं दूध एकदा कॅनमध्ये गेलं की घरात थेंब राहत नाही. दहा जणांना पुरेल एवढं दूध काढतो आणि आम्ही कोरा चहा पितो. घरचं दूध घरी प्यायला परवडत नाही, काय करता!

सुरेखा, म्हणजे आमची मंडळी, मला खुणेनं म्हणाली, "दूध." मी मागच्या दारानं दुकानात गेलो आणि पिशवी घेऊन आलो. ज्या भावानं सकाळी केंद्रावर घातलं, त्याच्या जवळजवळ दुप्पट भावानं!

साडूंनी चहाचा घोट घेतला आणि डोळे मिटले. "वा! याला म्हणतात गावाकडचं दूध! आमच्याकडं नुसतं पिशवीचं पाणी."

सुरेखानं पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "घरच्या वैरणीचा फरक पडतो."

एवढ्यावर मिटलं असतं. पण निघताना त्यांनी गाडीतून पाण्याची मोठी बाटली काढली. "दाजी, परवडत असेल तर हिच्यात जरा घरचं दूध द्या. पोरांना चव कळू दे."

मी पुन्हा मागच्या दारानं दुकानात! तोवर साडू गोठ्यात गेले. गाईच्या पाठीवरून हात फिरवला, गोऱ्ह्याचे कान कुरवाळले आणि आमच्या मंडळीला म्हणाले, "याला तर मनसोक्त मिळत असेल!"

मी पिशव्या शर्टाखाली लपवून दारात उभा होतो. सुरेखानं माझ्याकडं बघितलं आणि आत गेली.

*

हा किस्सा आक्कांचा. हा आम्ही कट्ट्यावर पुन्हा कधी काढत नाही.

आप्पांच्या गाईला दगडी झाली. म्हणजे कास सुजून दगडासारखी घट्ट होते, वेळेवर बघितलं नाही तर सड जातो. आप्पांनी भर दुपारी शिरूरहून डॉक्टर आणला. सलाईन लावलं, महागाची इंजेक्शनं दिली. आप्पा स्वतः कास शेकत बसले. कॅल्क्युलेटर कुणी काढला नाही, कारण इथं हिशेब सरळ होता. गाय वाचली पाहिजे!

आप्पा गाईपाशी गुंतलेले, पोरगा-सून सुनेच्या माहेरी गेलेले, म्हणून दुसऱ्या गाईचं दूध घेऊन आक्का आल्या. चालत आल्या, आणि कॅन खाली ठेवून खांबाला धरून उभ्या राहिल्या. नंदाकाकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावला.

"अगं बया! नुसती फणफणलीयस की! कवापासनं?"

"झालं की चार-पाच दिस."

"मग डॉक्टर?"

"आलेला की घरी. गाईला बघून गेला."

काकूंचा आवाज खाली आला. हे पहिल्यांदाच घडत होतं. "आन् तुला?"

"हे म्हणलं गोळी घे, सोमवारी बघू." आक्का हसल्या. विम्याच्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला मारतात, तो ठाऊक असेल तुम्हाला. कानाची पाळी धरून त्या म्हणाल्या, "त्या डॉक्टरला म्हणावं, माझ्या बी कानात एक बिल्ला मारून जा."

गणेशनं मशीन बंद केलं. काकूंनी आक्कांना स्कुटीवर मागं बसवलं आणि थेट दवाखान्यात नेलं. जाताना आमच्याकडं वळून त्या एवढंच म्हणाल्या, "बसा हिशेब करत."

दुसऱ्या दिवशी आप्पा आले ते कट्ट्यावर टेकलेच नाहीत. कुणी विचारायच्या आत म्हणाले, "बरी हाय ती." आणि दूध घालून निघून गेले. मी मनात आप्पांना खूप नावं ठेवली. घरी जाऊन पाहिलं तर सुरेखाच्या हाताला आठवडाभरापूर्वी विळा लागलेला, अजून चिंधीच बांधलेली.

*

एके दिवशी गणेश म्हणाला, "बाळूदा, दूध उतरलंय तुझं."

नुकती व्यालेली गाय, आणि दूध उतरतंय? संपत म्हणाला पेंड बदल. पेंड बदलली. आप्पा म्हणाले कॅल्शियम पाज. बाटली आणली. दुकानदार म्हणाला मिनरल मिक्श्चर दे. तेही आणलं. दूध काही वाढेना!

मग एका पहाटे मी लवकर उठून गोठ्यात गेलो, तर सुरेखा आधीच तिथं. गोऱ्हा सोडलेला, आणि गडी गाईला ढुसण्या देत शेपूट हलवत पितोय. मी यायच्या आधी रोज हेच चाललेलं होतं.

मी ओरडलो, "अगं, हे परवडत न्हाई आपल्याला!"

ती म्हणाली, "आन् ती कॅल्शियमची बाटली परवडली व्हय?"

मी जास्तच चिडलो. म्हणालो, "ह्यो काय दूध देणार हाय का उद्या?"

तिनं गोऱ्ह्याच्या तोंडाचा फेस पदरानं पुसला. "त्याला काय ठाऊक, आपण गोऱ्हा हाय म्हणून."

*

मी कट्ट्यावर विषय काढला. "आप्पा, तुमचा मागल्या वेताचा गोऱ्हा कुठं दिला?"

आप्पा कॅनच्या झाकणाशी खटपट करत म्हणाले, "पाटसच्या पाहुण्याला दिला. पाळायला."

"संपत, तुझा?"

"माझा बी पाटसलाच. पाहुण्याला."

"कोण पाहुणा?"

"हाय एक. लांबचा."

नंदाकाकू किटली विसळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाटसला लई मोठा सोयरा दिसतोय तुमचा. गोठा केवढा हाय त्याचा?"

दोघांनाही अचानक घाई झाली. मला काय समजायचं ते समजलं. आणि समजल्यावर मी काय करावं? मी संपतकडं पिकअप मागितली!

संपतची ती पिकअप आम्ही सगळेच नेतो. मागच्या फाळक्यावर हातभर अक्षरांत लिहिलंय, 'मांडवगणचा राजा'. एरवी कुणी मागितली की संपत दहा प्रश्न विचारतो. या वेळी एकही विचारला नाही. किल्ली हातात देऊन फक्त म्हणाला, "डिझेल टाक. आन् येताना हौदा धुऊन आण."

सुरेखा माहेरी गेली होती. भर दुपारी गाव झोपलेलं असताना मी गोऱ्हा हौद्यात घातला. नदीवरचा पूल ओलांडला. पाटसच्या अलीकडं, जिथं साखर कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या गाड्या नंबरला थांबतात, त्या माळाला गेलो. वाटेत मनाशी सगळा हिशेब मांडला. तिथं उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं पडलेलं असतं, लिंबाची सावली आहे, ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या आहेत, माणसांची वर्दळ आहे. उपाशी मरायचा नाही. हिशेब अगदी चोख जुळला. एकच गोष्ट मी त्यात धरली नव्हती, की तो अजून दुधावर होता आणि वाढं कसं खातात हे त्याला ठाऊकही नव्हतं. धरली नव्हती असं तरी कसं म्हणू? ठाऊक होतं मला.

खाली उतरवला. दावं सोडून घेतलं, कारण दावं चांगलं होतं. गाडी चालू केली तसा तो मागं चार पावलं आला. मी आरशात बघितलं नाही.

हौदा धुतला आणि गाडी परत दिली. संध्याकाळी सुरेखा आली, गोठ्यात गेली आणि तशीच बाहेर आली.

"पाटसच्या पाहुण्याला दिला," मी म्हणालो.

"कोण पाहुणा?"

"हाय एक. लांबचा."

तिनं धार काढली, कॅन आणून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "त्याच्या वाटचं बी घातलंय ह्यात. जावा, परवडंल आता."

*

आणि आता हा शेवटचा. पुढच्याच आठवड्यातली सकाळ. केंद्रावर ही गर्दी! आम्ही चौघंही कट्ट्यावर.

ऊसतोडीचा ट्रॅक्टर रिकाम्या ट्रॉल्या घेऊन आला आणि केंद्रासमोर थांबला. वरून एक टोळीवाला उतरला. बीडकडचा असावा. त्यानं ट्रॉलीतून गोऱ्हा उचलला, दोन्ही हातांत लहान पोरासारखा धरला आणि आणून कट्ट्यापुढं उभा केला. बरगड्या दिसत होत्या. कपाळावर अर्ध्या भाकरीएवढा ठिपका.

"राम राम. ह्यो तुमच्या गावचा हाय का बघा," तो म्हणाला. "आमच्या कोप्यांपाशी हिंडत व्हता. दूध दूध करीत व्हता बिचारा. आमच्या बाईनं शेळीचं पाजून जगिवला."

कुणी पुढं आलं नाही. त्याला वाटलं आम्हाला खरं वाटत नाही, म्हणून तो पुढं म्हणाला, "बाईनं गाडी बघितली व्हती. पिकअप. मागं 'मांडवगणचा राजा' लिवलंय. गाडीतनं उडी मारून पडला आसंल. मालक हुडकत आसंल की वो!"

आख्ख्या केंद्राची मान संपतकडं वळली. संपत लालेलाल झाला. "गाडी... गाडी माझी हाय. पण ती सगळंच नेत्यात!"

मग मान आप्पांकडं वळली. आप्पा कॅनच्या झाकणावरची अक्षरं वाचत होते. गणेशनं मशीनवरून विचारलं, "अहो, कुणाचा हाय? सांगा की, माणूस खोळंबलाय."

मला वाटलं आता म्हणावं, माझा. जीभच उचलेना. गावात सगळ्यांना मी सांगून बसलो होतो, पाहुण्याला दिला. टोळीवाला एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. हे न बोलणं कशाचं आहे ते त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं. हरवलेलं जनावर घरी आणलं तर मालकाला आनंद होतो, एवढंच त्याला ठाऊक.

"माझाय," नंदाकाकू म्हणाल्या.

गणेशचा हात मशीनवर तसाच राहिला. नंदाकाकूंच्या दावणीला नुसत्या म्हशी, हे त्याला काय, सगळ्या गावाला ठाऊक. तो बोलून गेला, "काकू, तुमच्या तर म्हशी हायत!"

"व्हय. म्हशीला झालाय," काकू म्हणाल्या. "तुला काय करायचंय? तू फॅट लाव."

कुणी हसलं नाही. काकूंनी टोळीवाल्याला हात जोडले. "लई उपकार झालं दादा. बाईला सांगा तुमच्या. चा घेऊन जावा." मग त्यांनी स्कुटी स्टँडवरून काढली, किटली हँडलला अडकवली आणि माझ्याकडं बघितलं. "बाळू, बसलायस काय? उचल. पायाशी ठिव माझ्या."

मी उठलो. उचलला. वजन काहीच उरलं नव्हतं. स्कुटीवर ठेवताना त्यानं माझी दोन बोटं तोंडात घेतली आणि चोखायला लागला. काकूंनी दोन्ही पायांमध्ये त्याला नीट धरलं, गाडी चालू केली आणि रस्त्याकडं बघत सहज विचारावं तसं विचारलं,

"एका टायमाला किती दूध लागतं रं ह्याला?"

"दीड लिटर," मी म्हणालो.